अर्धविराम

तीन दिवसांचं काम, दिवसाला आठशे.
काट्यावर पूर्वी मीच बसायचे म्हणून बोलावणं आलं.
यंत्र ओळखीच्या हाताला बरं वळतं, मणेरकर म्हणाले,
आणि मॉनिटरवरची कोळिष्टकं स्वतः काढून दिली.

डिचोलीहून आले ती बस निम्मी रिकामी.
रस्ता अजून तांबडा, पण धूळ उडत नाही.
कचेरीच्या खिडकीतून डंप दिसतो,
त्यावर आता आकेशिया, मधूनमधून काजू.
नवख्याला वाटेल, डोंगरच आहे.

फोल्डर एकच, 'काटा'.
आत एक्केचाळीस हजार फायली,
कोणी कधी टाकल्या त्याला धरबंध नाही.
वकिलाला काय हवं ते मणेरकरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं:
एक्सएलएस आणि पीडीएफ. बाकी नको.
'बाकी'खाली दोन रेघा.

शोधपट्टीत लिहिलं: तारका, टिंब, एक्सएलएस.
मग अर्धविराम.
मग तारका, टिंब, पीडीएफ.
खिडकी एकदा ढवळली, झरझर गळून गेलं सगळं
आणि उरल्या सहाशे बारा.

मला स्क्रीनिंग प्लांट आठवला.
थरथरणारी लोखंडी जाळी, वर खडे,
खाली फाईन्स,
आणि जे कशातच बसायचं नाही
ते पट्ट्यावरून मागच्या अंगाला. रिजेक्ट.
त्याचाच हा डोंगर.
पुढे भाव चढला तेव्हा साहेब लोक
रिजेक्टही मोजायला आले, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर
कोणी सांगितलं नसताना
आणखी एक अर्धविराम दिला. जेपीजी.

आधी नरकासुराचं डोकं आलं,
गॅरेजातलं, रंग ओला.
मग कायतानचा नवा ट्रक, झेंडूत बुडालेला,
बोनेटवर त्याची मार्सेलिना पांढऱ्या झग्यात,
हातात कुमगाराची मेणबत्ती.
मग पंक्चर. पंक्चर. विम्यासाठी पुन्हा तेच पंक्चर.
मग मी. केस भरपूर, चष्मा नाही,
काचेमागून बोट वर करून
कुणाला तरी थांबवतेय.

डब्ल्यूएव्ही जोडलं तर एकच फाईल,
सकाळच्या भोंग्याची.
कुणी मोबाइलात वाजायला भरून घेतली असणार.
वाजवली नाही. समोर मणेरकर बसले होते.

तिसऱ्या दिवशी हिशेब जुळेना.
असतील नसतील ते प्रकार लिहिले,
एकवीस अर्धविराम, पट्टीत मावेनात,
तरी बेरीज एकानं कमी.
सगळं पुसलं, नावानं लावलं, खाली खाली गेले.
सापडली.
नाव 'आजची'. पुढे टिंब नाही, प्रकार नाही,
चित्राच्या जागी कोरा कागद.

उघडली तर टंकन माझंच.
कायतान. भरलेला: सोळा टन दोनशे चाळीस.
रिकामा:

आमच्याकडे भरलेला जाताना मोजायचा, रिकामा परतताना.
त्या दुपारी फोन आला, फाटक ओढलं,
ट्रक पलीकडे राहिला.
घाईत सेव्ह करताना प्रकार निवडायचा राहून गेला असेल.
एवढी वर्षं ती कुठल्याच जाळीत आली नाही
आणि कुठल्याच जाळीतून पडलीही नाही.

'रिकामा'पुढे कर्सर लुकलुकत होता.
हात कीबोर्डवर होता थोडा वेळ.
बंद केली. बदल साठवायचे का, विचारलं नाही त्यानं,
बदल काही नव्हताच.

पेनड्राइव्हवर सहाशे बारा दिल्या.
मणेरकरांनी मोजल्या, माझी सही घेतली.
आणि बाकी?
आहे तिथंच आहे, म्हटलं.
चोवीसशे पाकिटात, सुटे नव्हते म्हणून वर एक पेन.

कायतान आता मयेला शाळेची बस चालवतो.
भेटला तर विचारायचं आहे,
त्या दिवशीचा माल
शेवटी कुठं ओतलास.